चिंतनासाठी इमारत रिकामी करणे

लबीब अफीफी सरांचा एक विनोद सव्वीस वर्षं टिकला होता. दमनहूरच्या त्या शाळेत इतकी वर्षं टिकलेल्या वस्तू दोनच, एक तो विनोद आणि दुसरा भूगोलाचा नकाशा. त्यातला नकाशा तरी दोनदा चिकटपट्टी लावून झाला होता.

विनोद असा : "नाईल नदी सहा हजार सहाशे किलोमीटर चालत येते. कैरोच्या वेशीवर पोचते. तिथली गर्दी बघते. आणि ठरवते..." इथं सर एकदा खोकत. खोकला खरा नव्हता, तो विनोदाचाच भाग होता. "...की बाई, एका रस्त्यानं काही आपला निभाव लागायचा नाही, दोन बोळांतून गेलेलं बरं!" आणि मग ते छडी नदीच्या दोन फाट्यांवरून झोकात फिरवत आणि वर्ग हसेपर्यंत नकाशाकडे तोंड करून थांबत.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी नेमकी छडी हातातून निसटली. ती उचलायला सर वळले, ते रोजच्यापेक्षा जरा लवकर. आणि त्यांनी पाहिलं की बेचाळीस मुलांचे ओठ आवाज न करता हलतायत. एकूण एक शब्द पाठ. 'ठरवते' नंतर बेचाळीसही पोरांनी मूठ तोंडाशी नेऊन मुका खोकला काढला. पहिल्या बाकावरची मुलगी तर छडीसुद्धा फिरवत होती, पट्टीची.

सरांनी तास पूर्ण केला. माणूस पडला तरी धोतर सावरून पडतो म्हणतात, तसे ते पँट सावरून वर्गाबाहेर पडले. घरी कोणाला काही बोलले नाहीत. रात्रीच्या जेवणाला पावाचा एकच तुकडा खाल्ला.

"दाढ दुखतेय का?" बायकोनं, सोहेरनं विचारलं.

"मन दुखतंय."

"मग लवंग उपयोगाची नाही," असं म्हणून तिनं ताट उचललं.

आता यात पुढं काहीच घडलं नसतं. माणूस असले घाव गिळतो आणि पेन्शनीपर्यंत पोचतो. पण सर शाळेच्या प्रशिक्षण विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच होते, आणि नेमणूक झाली ती अक्षर चांगलं म्हणून. तरी प्रमुख ते प्रमुख. त्यामुळे पुढच्याच आठवड्यात अलेक्झांड्रियाला दोन दिवसांच्या शिबिराला त्यांना जावं लागलं. असल्या शिबिरांत लोक जेवणाच्या डब्यात काय निघतंय याकडे लक्ष ठेवून बसतात. सरही तसेच बसले होते. तेवढ्यात व्यासपीठावरच्या बाई म्हणाल्या, "शिक्षकांनी आठवड्यातून वीस मिनिटं एकत्र बसावं आणि आपल्या तासांवर चिंतन करावं. काय जमलं, काय फसलं. एकमेकांना सांगावं. ज्या शाळेत शिक्षकांना विचार करायला वेळ नाही, तिथं मुलांनी विचार करावा ही अपेक्षा कशी धरायची?"

सरांच्या घशाशी काहीतरी आलं. तो खोकला होता. तो त्यांनी गिळला आणि वहीत ते वाक्य लिहून घेतलं, चांगल्या अक्षरात.

परत आले ते थेट वग्दीकडे गेले. वग्दी बिशारा गणित शिकवायचे, पण त्यांची खरी सत्ता होती वेळापत्रकावर. ते त्यांनी सात रंगांच्या पेन्सिलींनी आखलं होतं आणि कपाटात कुलपात ठेवलं होतं. कोणाला आपला तास बदलून हवा असला, तर ते आधी त्या माणसाला खाली बसवत आणि पाणी देत.

"वीस मिनिटं?" वग्दी म्हणाले. "लबीब, हे बघ. ही निळी रेघ विज्ञानाच्या कौसर बाईंची. ती हलवली तर हिरवी हलते. हिरवी हलली की कॅप्टन शहाताच्या दोन वर्गांची कवायत एकाच मैदानात येते आणि त्यांचे चेंडू एक होतात. वीस मिनिटं मागतोस? भिंतीतली तळाची वीट मागतोयस तू."

"अरे पण शिक्षकांनी विचार नको करायला?"

"करावा की! सुट्टीत करावा. मी नाही का, बसमध्ये करतो."

मुख्याध्यापिका इन्साफ मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या सगळ्यांचं सगळंच शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी एकच वाक्य बोलत. तेच बोलल्या : "वरून कागद आणा."

वरून म्हणजे शिक्षण कार्यालयातून. ते दुसऱ्या मजल्यावर होतं, त्यामुळे 'वरून' हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा होता. तिथं खिडकीशी इग्लाल मॅडम बसत. समोर भलंमोठं रजिस्टर, रजिस्टरवर चहाचा पेला, पेल्यात पुदिन्याची काडी. सरांचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"चिंतन," त्या म्हणाल्या. "हे कुठल्या सदरात बसतं?"

"सदर कसलं मॅडम, नुसतं बसायचं आणि विचार करायचा."

"नुसतं असं काही सरकारात नसतं हो. ही बैठक आहे का?"

"म्हणायला हरकत नाही."

"बैठकीला इतिवृत्त लागतं, तीन प्रतींत. प्रशिक्षण आहे?"

"तसंही म्हणता येईल."

"मग बाहेरचा वक्ता लागेल आणि प्रमाणपत्रं. सहल आहे का?"

"सहल? अहो, आम्ही प्रयोगशाळेत बसणार!"

"प्रयोगशाळा इमारतीच्या जुन्या भागात आहे तुमची. म्हणजे थोडी सहल झालीच." त्यांनी पान उलटलं. "हे बघा सर, तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. तास चालू असताना शिक्षकानं वर्ग सोडायचा, याला माझ्या रजिस्टरात फक्त एका सदरात परवानगी आहे."

"कुठल्या?"

"आग."

सरांनी रजिस्टरात डोकावून पाहिलं.

"आपत्कालीन सराव. इमारत रिकामी करणे. दर आठवड्याला केला तरी चालतो. नवं परिपत्रक आहे, त्याला साहेबांची सही पण लागत नाही. मी इथल्या इथे शिक्का मारते. बाकी सदरांना दोन-अडीच महिने धरा."

शिक्का म्हणजे गरुडाचा शिक्का. तो ज्या कागदावर बसला तो कागद पुढं देशात कुठंही ताठ मानेनं फिरतो. सरांनी क्षणभर विचार केला. त्या एका क्षणाचं जरा जास्त चिंतन झालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण चिंतनाला वेळ नाही म्हणूनच तर ते तिथं आले होते. ते म्हणाले, "मारा."

कागद पाहून इन्साफ मॅडम उभ्याच राहिल्या. "दर सोमवारी, तिसऱ्या तासाला, वीस मिनिटं, संपूर्ण इमारत रिकामी करणे. प्रमुख, लबीब अफीफी. अहो सर, तुम्ही वेळ मागायला गेला होतात ना? आग घेऊन आलात!"

"मॅडम, नीट बघा, फायद्याचंच आहे. मुलं मैदानात जातील. कॅप्टन शहाता आणि वर्गशिक्षक त्यांना सांभाळतील. कोणत्याच वर्गाचे वर्गशिक्षक नसलेले आम्ही सहा जण वर प्रयोगशाळेत बसू. वीस मिनिटं विचार करू. घंटा झाली की सगळे परत."

"म्हणजे इमारतीला आग लागली की मुलं बाहेर आणि शिक्षक आत?"

"कागदावरच हो!"

मॅडमनी कागद उजेडात धरला. "नको म्हणता येत नाही. गरुड बसलाय यावर."

सरांनी रात्री जागून सरावाचा आराखडा लिहिला, चांगल्या अक्षरात. कोणता वर्ग कोणत्या जिन्यानं उतरणार. शिपाई मसीलही काकांनी फाटक बंद करून बाहेर थांबायचं; प्रमुखानं इशारा दिल्याशिवाय कोणालाही, अगदी कोणालाही, आत सोडायचं नाही. इशारे शिट्टीचे. एक लांब शिट्टी म्हणजे धोका टळला. तुटक शिट्ट्या, पुन्हा पुन्हा, म्हणजे धोका वाढला, मुलांना आणखी लांब न्या. हे शेवटचं कलम सरांनी नुसतं पान भरावं म्हणून घातलं होतं.

पहिल्या सोमवारी दहा वाजता घंटा झाली आणि सातशे पोरं अशा आनंदानं जिना उतरली की इमारतीला खरंच काहीतरी होईल असं वाटलं. समोरच्या घराच्या गच्चीतून हाजी बसयूनी ओरडले. हे पोस्टातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून अख्ख्या गल्लीचा सल्लागार विभाग. उंटावरून शेळ्या हाकायला यांना उंट लागत नसे, गच्ची पुरे.

"लबीब मास्तर! ओल्या गोधड्या! ओल्या गोधड्या घ्या आधी!"

"सराव आहे हाजी!" सरांनी खिडकीतून सांगितलं.

"मग सरावाला तरी ओल्या घ्या!"

दुसऱ्या घरातून एक बाई दोरीला टोपली बांधून पाण्याच्या बाटल्या खाली सोडू लागली. एका पोराची आई अनवाणी धावत आली आणि सराव आहे म्हटल्यावर तिनं पोराच्या पाठीत धपाटा घातला, मला घाबरवलंस म्हणून.

वर प्रयोगशाळेत सहा जण जमले. सर, वग्दी, प्रयोगशाळा ज्यांच्या ताब्यात त्या कौसर बाई, इंग्रजीच्या दोन शिक्षिका रावया आणि दौलत, आणि अरबी शिकवणारे वृद्ध झगलूल सर. रावया आणि दौलत पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणून त्यांच्यामध्ये मानवी सांगाडा उभा केला होता.

सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला : 'गेल्या आठवड्यात माझ्या तासात काय चुकलं?'

शांतता पसरली. सरांना वाटलं, हेच ते. हेच चिंतन. मग कौसर बाई म्हणाल्या, "माझ्या तासात चुकलं असं की पालक मुलांना न्याहारी देत नाहीत." वग्दी म्हणाले की त्यांच्या तासात आधीच्या वर्षीच्या गणितशिक्षकाचं चुकलं. रावया म्हणाली की काही जणींचे उच्चार चुकतात आणि ते मुलं उचलतात. दौलत सांगाड्याला म्हणाली की काही जणींना दुसऱ्यांच्या दाराशी कान लावायची सवय आहे. झगलूल सर झोपले होते. कौसर बाईंनी पिशवीतून दोन किलो वांगी काढली आणि भात भरण्यासाठी एकेक पोखरायला लागल्या.

"कौसर बाई, चिंतन चाललंय," सर दुखावून म्हणाले.

"चालू द्या की. माझे हात चालले की डोकं चालतं. आणि आज घरी सासूबाई जेवायला आहेत."

एवढ्यात चहा आला. कोणाला किती साखर यात उरलेली सहा मिनिटं गेली.

दुसऱ्या सोमवारी गल्लीला वेळापत्रक पाठ झालं होतं. पावणेदहाला रताळीवाला आपली धुरकट भट्टीची गाडी घेऊन फाटकाशी हजर. त्याचा धूर मैदानावरून वर चढला. त्यामुळे ही खोटी आग प्रथमच खऱ्यासारखी दिसू लागली, आणि कोणीतरी पलीकडच्या गल्लीतून पाण्याची नळी घेऊन पळत आलं. मुलं गरम रताळी फुंकत उभी. हाजी बसयूनींनी गच्चीत खुर्ची टाकून चार मित्र बोलावले होते. कॅप्टन शहाता ओरडून सांगत होते की आगीत कोणी रताळी खात नसतं, आणि स्वतः साल सोलत होते.

घरी सोहेर म्हणाली, "बाजारात विचारत होत्या बायका. तुमच्या यांच्या शाळेला दर सोमवारी आग लागते म्हणे?"

"लागत नाही. आम्ही विचार करतो."

"मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढा करू नका म्हणावं."

तिसऱ्या सोमवारी मात्र आगीतून फुफाट्यात.

रताळ्याचा धूर आत यायला लागला म्हणून वग्दींनी उठून प्रयोगशाळेचं दार लोटलं. हे दार कौसर बाई कधीच लोटत नसत, खुर्ची लावून उघडं ठेवत, आणि का ठेवतात हे त्या सांगणार इतक्यात खटकन आवाज झाला. आतली मूठ वग्दींच्या हातात आली. बाहेरची मूठ दांडीसकट व्हरांड्यात पडली आणि गडगडत गेली, बराच वेळ.

"म्हणून मी खुर्ची लावते," कौसर बाई म्हणाल्या.

वग्दींनी मूठ परत बसवून पाहिली. पेनानं, पट्टीनं, शेवटी सांगाड्याच्या करंगळीनं दार उघडायचा प्रयत्न झाला, करंगळी मोडली. सर खिडकीशी गेले. खाली सातशे पोरं, फाटकाबाहेर मसीलही काका.

"काका! वर या! दार अडकलंय!"

काकांनी वर पाहून अदबीनं कपाळाला हात लावला. "येतो सर, पण इशारा द्या. प्रमुखाचा इशारा झाल्याशिवाय अगदी कोणालाही आत सोडायचं नाही. 'अगदी' असं लिहिलंय तुम्ही."

सरांना स्वतःच्या अक्षराचा प्रथमच राग आला. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडाशी नेली आणि एक लांब फुंक मारायला घेतली. पण धूर आणि घाई. मध्येच खोकला आला, खरा. एका लांब शिट्टीचे तीन तुकडे झाले.

खाली कॅप्टन शहातांनी कान टवकारले. "तुटक! धोका वाढला! चला, फाटकाबाहेर, दोन दोनच्या रांगा!"

"नाही! नाही!" म्हणत सरांनी पुन्हा फुंकली. पुन्हा खोकला. पुन्हा तुटक.

"आणखी वाढला! कालव्यापर्यंत!"

"अरे थांबा!" सरांनी जीव खाऊन फुंकलं. आता पाच तुकडे पडले.

"कालव्यापलीकडे!" कॅप्टनची आरोळी दुरून आली. "रताळीवाले, तुम्ही पण चला!"

सर जसजसे शिट्टी मारत होते, तसतशी शाळा लांब लांब चालली होती. गच्चीत हाजी बसयूनी वही घेऊन उभे होते, शिट्ट्या मोजत. शेवटी मसीलही काकांनी फाटकाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तेही मुलांमागे गेले. वग्दींनी सरांच्या हातातून शिट्टी काढून घेतली.

"पुरे आता, लबीब. अजून दोनदा फुंकलीस तर पोरं अलेक्झांड्रियाला पोचतील."

मग इमारतीत अशी शांतता पसरली की कोणी शाळेत कधी ऐकलीच नव्हती. घंटा नाही, बाक सरकत नाहीत, पोरं नाहीत. फक्त वांगी पोखरल्याचा कुरकुर आवाज. सर स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "आपण सहा जण खरं बोलू. माझ्याच तासात काहीतरी बिघडलंय. पोरांना माझा विनोद पाठ आहे. खोकल्यासकट."

मग कौसर बाईंच्या खांद्यांना हादरे बसू लागले. मग रावयाच्या. वग्दींनी चष्मा काढून डोळे पुसले.

"अरे लबीब, भिंतीपलीकडं मी शिकवतो ना! सतरा वर्षं! तुझा खोकला ऐकू आला की मी पोरांना सांगतो, तास संपत आला, वह्या मिटा."

"म्हणजे सगळ्यांनाच माहीत आहे?"

"कँटीनवाल्यालासुद्धा," दौलत म्हणाली.

सर इतके दुखावले की त्यांना हसू येऊ लागलं. कौसर बाईंनी वांगं खाली ठेवलं. "सर, रागावू नका. विनोद वाईट नाहीये. पण तो सांगताना तुम्ही नकाशाकडे बघता. पोरं हसतात की नाही हेसुद्धा तुम्ही पाठमोरे ऐकता. मी एकदा मागच्या बाकावर येऊन बसले होते, तुम्हाला कळलंच नाही."

खोलीत कोणीतरी खिडकी उघडावी तसं झालं. वग्दी मुठीशी चाळा करत म्हणाले, "मग माझंही ऐका. माध्यमिक तिसरीच्या ब वर्गाला मी घाबरतो. तोंड फळ्याकडे करूनच शिकवतो. सात रंगांचं वेळापत्रक केलंय ना, त्यातला नारिंगी रंग नीट बघा. जेवणानंतर तो वर्ग मला कधीही येत नाही. सगळी शाळा त्या एका नारिंगी रेघेभोवती फिरते."

"म्हणून माझे सलग चार तास!" रावया किंचाळली. आणि मग अचानक सांगाडा बाजूला सारून दौलतला म्हणाली, "दाराशी कान लावते ना मी? खरंय. क्रियापदं तू शिकवतेस तशी मला येत नाहीत. ऐकून घेते आणि माझ्या वर्गात जाऊन तस्संच शिकवते."

दौलत पाच वर्षांनी प्रथमच तिच्याकडे बघत राहिली. "मग आत येऊन बस ना गं, बये. बाहेर वारा लागतो."

"मी झोपलेलो नाही," कोपऱ्यातून झगलूल सर बोलले. सगळे दचकले. "मी कधीच झोपलेलो नसतो. वर्गात डोळे मिटतो, तर पोरं एकमेकांना 'श्श' करतात. मला जागं करत नाहीत. प्रेम आहे त्यांचं. पण चाळीस वर्षांत कोणालाच काही विचारावंसं वाटू नये मला? ते 'श्श' फार लागतं मनाला."

वीस मिनिटं केव्हाच सरून गेली होती. एक तास झाला. बोलता बोलता सगळ्यांनी मिळून वांगी पोखरली आणि झगलूल सरांनी तांदूळ निवडायला मागितले.

नेमक्या त्याच वेळी शिक्षण कार्यालयाचे तपासनीस मुतवल्ली साहेब फाटकाशी आले. दर आठवड्याला सराव करणारी जिल्ह्यातली एकमेव शाळा बघायला ते मुद्दाम न कळवता आले होते. फाटकाला कुलूप पाहून त्यांनी मागच्या बाजूचं छोटं दार गाठलं. मैदान रिकामं. वर्ग रिकामे. मुख्याध्यापिकांची खुर्चीसुद्धा रिकामी. साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत इतकी रिकामी इमारत त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी वही काढून 'उत्कृष्ट' हा शब्द लिहायला घेतला, 'उत्कृ' पर्यंत आले, आणि वरून सात मजली हास्याचा आवाज आला. इमारत दोनच मजल्यांची होती.

व्हरांड्यात पडलेली मूठ उचलून त्यांनी दार उघडलं. आत सहा शिक्षक, एक सांगाडा आणि पोखरलेल्या वांग्यांची रास.

"आपण इथं काय करताय?"

"चिंतन," सर उभे राहून म्हणाले.

"आगीत?"

साहेबांनी नियमपुस्तक उघडलं. "सरावाच्या वेळी जे इमारतीत आढळतील, त्यांना मृत धरावं, असं कलम आहे. नावं सांगा."

"साहेब, मी सरावाचा प्रमुख आहे."

"मग आपण आधी गेलात," असं म्हणून साहेबांनी त्यांचं नाव पहिलं लिहिलं. सातव्या ओळीवर पेन थबकलं. "हा सांगाडा?"

"तो आधीपासूनचा आहे," कौसर बाई म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस सरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक लाल रेघ नाही, आणि आता कागदोपत्री मृत, तेही हलगर्जीपणानं. बदली होणार, ती वाळवंटाच्या टोकाच्या एखाद्या शाळेत, जिथं नकाशावर दाखवायला नदीसुद्धा नसेल. हाजी बसयूनींनी सल्ला दिला की वकील करा, पण मेलेल्याची केस घेणारा चांगला वकील मिळणं अवघड. सोहेर म्हणाली, "कागदावर गेलात ते ठीक आहे, बाजारातून कांदे आणायला कोण जाणार?"

शाळेत मात्र एक गोष्ट झाली. बुधवारी माध्यमिक पहिलीच्या अ वर्गात नाईलचा धडा आला. सर नकाशाला पाठ करून उभे राहिले. समोर बेचाळीस चेहरे, सगळ्यांचे ओठ तयार. नदी कैरोला पोचली. सरांनी पोरांकडे पाहिलं, आणि विनोद सांगायचा राहूनच गेला. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "का फुटली असेल बरं नदी?" वर्ग गोंधळला. मग मागून एका मुलानं, नक्की कोणी ते कळलं नाही, राहवेना म्हणून एकदा खोकून दिलं. सर इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. त्यानंतर गाळ, उतार, पूर असे हात वर होऊ लागले, आणि तास संपला तरी दोन हात वरच होते.

गुरुवारी पाकीट आलं. गरुडाचा शिक्का. इन्साफ मॅडमनी सहाही मृतांना कचेरीत बोलावलं आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली.

"विषय, आपत्कालीन सरावात शिक्षकांनी दाखवलेला अक्षम्य निष्काळजीपणा. वरील प्रकरणी सहा शिक्षकांवर पुढीलप्रमाणे कारवाई करण्यात येत आहे." सरांनी वग्दींचा हात धरला. मॅडम पुढं वाचू लागल्या आणि त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. "सदर शिक्षकांनी पुढील आदेशापर्यंत दर सोमवारी तिसऱ्या तासाला पूर्ण पंचेचाळीस मिनिटं एका खोलीत एकत्र बसून, आपल्याकडून काय चुकलं, का चुकलं आणि ते कसं सुधारता येईल, यावर गांभीर्यानं विचार करावा. या वेळेत त्यांना कोणतंही अन्य काम देऊ नये. वेळापत्रकात तशी कायमची तरतूद करावी."

सरांनी वग्दींचा हात सोडला.

"कायमची," वग्दी पुटपुटले. "रंग कुठला देऊ? सातही संपलेत."

"आठवा आणा," मॅडम म्हणाल्या. "शिक्षा आहे ही. रंग जरा गडद घ्या."

त्या सोमवारपासून सहा दोषी शिक्षक प्रयोगशाळेत शिक्षा भोगू लागले. दार खुर्ची लावून उघडं असे. त्यामुळे भोगण्याचा आवाज शिक्षकखोलीपर्यंत यायचा, मधूनच हशा, मधूनच मोठी शांतता, मधूनच "हे मी उद्या करून बघते" असं काही. बाकीच्या शिक्षकांना ते सहन होईना. इतिहासाच्या एका बाई लाजत लाजत सरांना विचारून गेल्या, "सर, एवढीच शिक्षा व्हायला साधारण काय करावं लागतं?"

"काही नाही. आत राहायचं," सर म्हणाले.

वर्षअखेरीच्या जिल्हा सरावाला मुतवल्ली साहेब पुन्हा आले. घंटा झाली. मुलं शिस्तीत उतरली, रांगा लागल्या, सगळं कसं नमुनेदार. साहेब वही घेऊन रिकामी इमारत तपासायला वर गेले, तर वाचनालयात पाच शिक्षक पुस्तकं उघडून बसलेले. चित्रकलेच्या खोलीत चार. व्यायामशाळेत गादीवर कॅप्टन शहाता आडवे, म्हणाले, "मी धुरानं गुदमरलोय, लिहून घ्या." साहेब घामाघूम होऊन नावं लिहीत सुटले. पान संपलं, दुसरं घेतलं.

शेवटी ते मुख्याध्यापिकांच्या कचेरीत आले. खुर्ची रिकामी होती. एक तरी माणूस नियमानं बाहेर गेला, म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वही मिटली. तेवढ्यात फायलींच्या कपाटाचं दार आतून जरासं उघडलं.

"साहेब," इन्साफ मॅडमचा दबका आवाज आला, "इन्साफला दोन 'न' नाहीत हं. एकच लिहा."